प्रकाश आणि वनस्पतींची रसायनशाळा

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आश्विन शुद्ध प्रतिपदेला घराघरांत घट बसतात. पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरून तीत धान्य पेरले जाते, मधोमध कलश ठेवला जातो आणि मग नऊ दिवस रोज एकेक माळ चढत जाते. देवघराच्या कोपऱ्यात, नंदादीपाच्या मंद उजेडात ते धान्य रुजते. दसऱ्याला घट उठतात तेव्हा वीतभर वाढलेले कोंब तोडून कोणी टोपीत खोवतो, कोणी कानावर ठेवतो, कोणी अंबाड्यात माळते. महाराष्ट्राबाहेर उत्तरेकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना शेजारच्या घरी हेच कोंब ‘जवारे’ या नावाने भेटतात. नाव बदलते, रंग बदलत नाही. शेतातल्या गव्हाचा गर्द हिरवा रंग या कोंबांना नसतो. ते फिकट, पिवळसर, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे दिसतात. दाणा तोच, माती शेतातलीच, पाणी रोजचे. मग हिरवा रंग गेला कुठे?

खरे पाहता तो पुरेसा तयारच झालेला नसतो. हरितद्रव्य म्हणजे क्लोरोफिल हा एक गुंतागुंतीचा रेणू आहे आणि तो बनवण्यासाठी वनस्पतीला एकामागून एक अनेक रासायनिक पायऱ्या चढाव्या लागतात. सपुष्प वनस्पतींमध्ये या पायऱ्यांपैकी शेवटाकडची एक पायरी अशी आहे की ती प्रकाशाशिवाय चढताच येत नाही. तिथपर्यंतचा कच्चा माल अंधारातही तयार असतो. ती क्रिया घडवून आणणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्या मालाला धरून अक्षरशः ताटकळत बसलेले असते. प्रकाशकिरण पडला की क्षणार्धात ते काम पुढे सरकते. म्हणून घटातले कोंब दसऱ्यानंतर अंगणात किंवा गॅलरीत ठेवले, तर ते काही तासांतच हिरवे होऊ लागतात. पिवळा रंग आधीपासूनच असतो. तो गाजरातल्या केशरी रंगाच्या जातकुळीतल्या द्रव्यांचा, आणि ती द्रव्ये अंधारातही थोडीबहुत बनतात. गंमत अशी की हिमालयातल्या चीड वृक्षाची रोपे अंधारातही हिरवी होऊ शकतात. त्यांच्याकडे ही पायरी चढण्याचा आणखी एक, प्रकाशावर अवलंबून नसलेला मार्ग आहे. गहू-ज्वारीच्या पूर्वजांनी तो कधीतरी गमावला.

आजच्या विषयाचे बीज या परडीतच आहे. सूर्यप्रकाश हे वनस्पतीचे अन्न बनवण्याचे साधन आहे, हे शाळेत शिकलेले कोणी विसरत नाही. परंतु प्रकाश तिला आज्ञाही देतो, हे मात्र पाठ्यपुस्तकाच्या धड्यात सहसा मागे राहते. कोणते रसायन बनवावे, किती बनवावे, केव्हा थांबावे, याचा पुष्कळसा निर्णय वनस्पती प्रकाश पाहून घेते. रंग, वास, चव, कडवटपणा, औषधी गुण आणि विषसुद्धा या निर्णयांतून जन्माला येतात. माणसाच्या ताटापर्यंत आणि औषधांच्या कपाटापर्यंत त्यांचे परिणाम पोहोचतात.

आधी अन्नाची बाजू थोडक्यात आठवू या, कारण या शाळेच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या बहुतेकांनी ती आपल्या हातांनी पडताळलेली आहे. कुंडीतले रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवायचे, मग एका पानावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून ते उन्हात ठेवायचे. पान तोडून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा आणि त्यावर आयोडीनचे थेंब टाकायचे. उन्हात राहिलेला भाग निळा-काळा होतो, पट्टीखालचा भाग तसाच फिकट राहतो. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच वैद्याने वनस्पतींचे हिरवे भाग प्रकाशातच प्राणवायू सोडतात हे दाखवले होते, आणि १८६० नंतरच्या दशकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स याने पानातला स्टार्च प्रकाशामुळे तयार होतो हे आयोडीनच्याच साहाय्याने सिद्ध केले. शाळेच्या टेबलावर होतो तो प्रयोग त्याच परंपरेतला आहे. अल्कोहोलच्या वासाने नाके मुरडणारी मुले त्या वेळी साक्सच्या पंगतीला बसलेली असतात, याची त्यांना कल्पना नसते.

स्टार्च म्हणजे वनस्पतीचा धान्याचा कणगा. कणग्याच्या पलीकडे जी शेकडो द्रव्ये ती बनवते, त्यांची कहाणी निराळी आहे. त्यासाठी प्रकाशाची नुसती ऊर्जा पुरत नाही. प्रकाश कोणत्या रंगाचा आहे, किती तीव्र आहे, दिवसाच्या कोणत्या प्रहराचा आहे, हे ओळखावे लागते. डोळे नसलेल्या सजीवाने हे ओळखायचे कसे?

याचे एक उत्तर अमेरिकेतील मेरिलँड राज्यातल्या बेल्ट्सव्हिल येथील शासकीय कृषी संशोधन केंद्रात सापडले. बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी लेट्यूस या पालेभाजीच्या बियांवर प्रयोग करीत होते. १९५२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आजही विलक्षण वाटतो. भिजवलेल्या बियांवर तांबड्या प्रकाशाचा छोटा झोत टाकला की त्या रुजत. लगेच त्यावर अतितांबडा, म्हणजे माणसाच्या डोळ्याला जेमतेम जाणवणारा गडद तांबडा प्रकाश टाकला की रुजण्याचा हुकूम रद्द होई. पुन्हा तांबडा टाकला की पुन्हा लागू. कितीही वेळा अदलाबदल केली तरी शेवटचा झोत कोणता, यावरच बियांचा निर्णय ठरे. या खटक्यामागे असलेल्या प्रथिनाला पुढे ‘फायटोक्रोम’ असे नाव मिळाले. ते सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ७३० नॅनोमीटरचा अतितांबडा प्रकाश यांतला भेद ओळखते. घनदाट झाडाखालच्या रोपाला हा भेद फार उपयोगी पडतो. वरची पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि अतितांबडा खाली झिरपू देतात. त्यावरून रोपट्याला कळते की डोक्यावर कोणीतरी उभे आहे. निळा प्रकाश ओळखणारी प्रथिने वेगळी. त्यापलीकडच्या, माणसाला न दिसणाऱ्या अतिनील किरणांसाठीही एक वेगळे प्रथिन आहे. त्याचा उलगडा तर अगदी अलीकडे, २०११ मध्ये झाला. त्याच्याकडे पुढे वळायचे आहे.

तत्पूर्वी स्वयंपाकघरात डोकावायला हवे, कारण प्रकाशाची आज्ञा तिथे कधी कधी अनर्थही घडवते.

बटाटा हा जमिनीखाली वाढतो म्हणून अनेकांना मूळ वाटतो, पण तो खोडाचा प्रकार आहे. त्याच्या अंगावरचे ‘डोळे’ म्हणजे त्या खोडावरचे कोंबच. खोड असल्यामुळे प्रकाश दिसताच खोडासारखे वागण्याची त्याची तयारी असते. गोणीतून काढून टोपलीत, खिडकीजवळ किंवा दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली काही दिवस तो पडून राहिला की सालीखाली हिरवट झाक दिसू लागते. स्टार्च साठवणाऱ्या पेशींतल्या कणांचे रूपांतर हरितद्रव्य बाळगणाऱ्या कणांत होऊ लागते. हे हरितद्रव्य पालक-मेथीत असते तेच, आणि ते निरुपद्रवी आहे. मात्र त्याच प्रकाशाच्या इशाऱ्यावर बटाटा दुसराही उद्योग सुरू करतो. सोलॅनिन आणि चॅकोनिन ही कडू, विषारी द्रव्ये तो सालीजवळ अधिक प्रमाणात बनवू लागतो. त्याच्या बाजूने विचार केला तर यात वावगे काही नाही. जमिनीबाहेर उघडा पडलेला कंद जनावरांच्या तोंडी लागण्याचा संभव असतो, आणि कडवटपणा हे त्याचे शस्त्र आहे. पळून जाणे ज्याला शक्य नाही, त्याने आपल्या शरीरातच संरक्षणाची व्यवस्था केली, इतकेच.

माणसाच्या बाजूने पाहता मात्र हा प्रश्न गंभीर आहे. खाण्याच्या ताज्या बटाट्यात या द्रव्यांचे एकूण प्रमाण किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या आत असावे, असा सर्वसाधारण संकेत पाळला जातो. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये सर्व उपलब्ध पुरावा तपासून असे नोंदवले की शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम इतक्या मात्रेपासून मळमळ, उलटी, जुलाब अशी लक्षणे दिसू शकतात. २० किलो वजनाच्या मुलासाठी ही मात्रा झाली २० मिलिग्रॅम. संकेताच्या कमाल मर्यादेला टेकलेला बटाटा त्याच्या ताटात अवघा १०० ग्रॅम आला, तर हा हिशेब पूर्ण होतो. बराच काळ उजेडात राहिलेला, हिरवा पडलेला बटाटा ती मर्यादा सहज ओलांडू शकतो. मोठ्या माणसाच्या पोटाला जे खपून जाते ते लहानग्याला बाधते, ते या साध्या गुणाकारामुळे.

शाळेच्या व्यासपीठावरून सांगावीच अशी एक घटना इंग्लंडच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहे. लंडनमधील एका शाळेत दुपारच्या जेवणानंतर ७८ मुले आजारी पडली. उलट्या, जुलाब, पोटदुखी, काहींना भ्रम. १७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. जंतूंचा शोध घेऊन झाला, आणि अखेर संशय आला तो आधीच्या उन्हाळी सत्रापासून पडून राहिलेल्या बटाट्यांवर. १९७९ मध्ये या प्रकरणाचा सविस्तर अहवाल डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. मुले बरी झाली. ते बटाटे सोलून शिजवूनच वाढलेले होते, हे मात्र विसरता कामा नये. ही विषे उकळण्याच्या उष्णतेला फारशी दाद देत नाहीत. कुकरच्या तीन शिट्ट्या जंतूंचा नायनाट करतील, सोलॅनिनचा नाही. साल जाड काढणे, हिरवा भाग आणि कोंब खोलवर कोरून टाकणे यांनी प्रमाण बरेच उतरते. सगळाच बटाटा हिरवा असेल किंवा चव कडू लागत असेल, तर त्याची जागा कचऱ्याच्या डब्यात आहे, आणि या बाबतीत काटकसरीला मान देण्याचे कारण नाही. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की हरितद्रव्य आणि विष यांचे कारखाने वेगवेगळे आहेत. हिरवेपणा ही धोक्याची खूण आहे, धोक्याचे माप नव्हे. चेचलेल्या, जखमी बटाट्यात हिरवेपणा न येताही ही द्रव्ये वाढू शकतात.

पलंगाखाली, अंधाऱ्या माजघरात गोणपाटाने झाकून बटाटे ठेवणाऱ्या जुन्या गृहिणींना सोलॅनिन हा शब्द ठाऊक नव्हता. पारदर्शक पिशवीत बटाटे भरून रात्रंदिवस दिव्यांच्या लखलखाटात मांडणाऱ्या आजच्या मोठ्या दुकानांना तो ठाऊक असायला हरकत नाही. ‘बटाटा’ म्हणा नाहीतर ‘आलू’, त्याला अंधारच मानवतो.

विषावरून आता रंगाकडे. भरल्या वांग्यांसाठी वांगी चिरताना त्याची हिरवी टोपी उचलून पाहिली, तर पुष्कळ जांभळ्या जातींत तिच्याखालची साल पांढुरकी आढळते. जांभळा रंग ज्या द्रव्याचा आहे त्याला अँथोसायनिन म्हणतात, आणि अशा जातींत ते उजेड पडलेल्या सालीतच तयार होते. टोपीने जिथे सावली धरली तिथे कारखाना बंद. अंधारातही जांभळ्या होणाऱ्या काही जाती आहेत. त्यांच्यात हा खटका निकामी झालेला असतो. काश्मीर-हिमाचलच्या सफरचंदांचेही असेच. उन्हाकडची बाजू लाल, पानाआडची पिवळट. कच्च्या सफरचंदावर कागदाचा तुकडा चिकटवला, तर फळ पिकल्यावर त्या आकाराची फिकट आकृती सालीवर उमटलेली दिसते. या प्रकारामागची यंत्रणा आता बरीचशी उलगडली आहे. अंधारात पेशीमध्ये एक पहारेकरी प्रथिन वावरत असते, आणि लाल रंगाचा कारखाना सुरू करणाऱ्या प्रथिनाला ते नष्ट करीत राहते. प्रकाश पडला की या पहारेकऱ्याचा अंमल संपतो आणि कारखाना चालू होतो. निसर्गातल्या पुष्कळ गोष्टी अशाच रोखणाऱ्याला रोखून घडवल्या जातात, ही योजना माणसाच्या सहज लक्षात येणारी नव्हे.

हा लाल-जांभळा रंग वनस्पतीच्या काय कामाचा? चैत्रात पिंपळाला, आंब्याला, कुसुंबाला तांबूस पालवी फुटते, तेव्हा एका संभाव्य उत्तराचे दर्शन घडते. कोवळ्या पानाची प्रकाश पचवण्याची यंत्रणा अजून पुरी उभी राहिलेली नसते, आणि ऊन तर चैत्राचे. न पचलेला प्रकाश पानाच्या आत अपायकारक रेणू निर्माण करतो. तांबूस द्रव्य त्यातला काही प्रकाश वरच्या वर शोषून घेते आणि पान जून होईपर्यंत छत्रीचे काम करते, असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. किडींपासून बचाव, थंडीपासून बचाव अशी इतरही स्पष्टीकरणे पुढे आलेली आहेत आणि वाद मिटलेला नाही. एकाच द्रव्याला एकाहून अधिक कामे असणे वनस्पतींच्या जगात नवे नाही.

उजेड वाढवून रंग मिळतो, तसा उजेड अडवून स्वाद मिळवण्याची कलाही माणसाने साधली आहे. तिचे सर्वांत प्रगल्भ उदाहरण जपानी चहाचे. ग्योकुरो नावाचा उंची हिरवा चहा ज्या बागांतून येतो, तिथे खुडणीपूर्वी सुमारे वीस दिवस झुडपांवर आच्छादन घालतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि भाताचा पेंढा असे, आता काळी जाळी असते. चहाच्या मुळांत थिअनिन नावाचे एक अमिनो आम्ल तयार होते आणि ते चढत चढत कोवळ्या पानांत येते. त्याची चव गोडसर, तोंडात रेंगाळणारी असते. पानावर ऊन पडले की थिअनिन मोडते आणि त्याचा अंश कॅटेचिन या तुरट द्रव्यांच्या बांधणीत खर्ची पडतो. आच्छादनाखाली हा व्यवहार मंदावतो. थिअनिन शिल्लक राहते, तुरटपणा कमी होतो, आणि अपुऱ्या प्रकाशातला प्रत्येक किरण टिपण्यासाठी पान अधिक हरितद्रव्य बनवते. त्यामुळे रंगही गर्द होतो.

आसामच्या बागांतही चहावर शिरीषाच्या जातीच्या वृक्षांची सावली धरलेली असते. तिचा मुख्य उद्देश कडक उन्हापासून झुडपांना जपणे हा आहे. ती सावली विरळ असते, जपानी आच्छादनाप्रमाणे पानाला कोंडणारी नसते. भारतीय माणसाला हवा असतो तो दुधातही आपला रंग आणि जोर न सोडणारा चहा. तो जोर कॅटेचिनांतूनच येतो. पान चुरगाळल्यावर हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्यांची तांबूस, तुरट द्रव्ये बनतात, आणि अमृततुल्याच्या पितळी पातेल्यात उकळते ते हेच. म्हणजे एकाच जातीच्या झुडपाकडून जपानने सावली मागितली आणि भारताने ऊन. दोघांनाही आपापला चहा मिळाला. आल्याचा तुकडा ठेचून घालणाऱ्यांचा पक्ष अर्थात उन्हाचा.

आता राहिला तो न दिसणारा प्रकाश. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्याला ‘अतिनील-ब’ म्हणतात. त्यातला बहुतांश भाग वातावरणातला ओझोन अडवतो, पण जो थोडा जमिनीवर पोहोचतो तो सजीवांच्या आनुवंशिक द्रव्याला इजा करण्याइतका तिखट असतो. माणूस सावलीत जातो. वनस्पती जागची हलत नाही. तिच्या पेशींत या किरणांवर नजर ठेवणारे एक प्रथिन असते. २०११ साली ज्याचा उलगडा झाला असे पूर्वी म्हटले, ते हेच. एरवी ते जोडीजोडीने राहते. अतिनील-ब किरण पडताच जोडी सुटते, आणि सुट्या झालेल्या प्रथिनामुळे केंद्रकातली अनेक जनुके जागी होतात. त्यांतून फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये बनतात आणि पानाच्या वरच्या पापुद्र्यात साठतात. तिखट किरण ती शोषून घेतात आणि अन्न बनवायला लागणारा दृश्य प्रकाश आत जाऊ देतात. इतकी नेमकी चाळणी माणसाच्या कारखान्यातून निघाली असती तर तिचे मोठे कौतुक झाले असते.

सुगंधाचाही या किरणांशी संबंध आहे. सब्जाचे बी ज्या रोपाचे असते ती तुळशीचीच बहीण. तिच्या पानांवर भिंगाखाली दिसतील अशा बारीक तेलग्रंथी असतात, आणि पान चुरडल्यावर येणारा वास त्यांतल्या तेलाचा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की या ग्रंथी नीट भरण्यासाठी सब्जाच्या रोपाला अतिनील-ब प्रकाश मिळावा लागतो. तो नसेल तर रोप वाढते, पाने धरते, हिरवेही दिसते, पण ग्रंथींची पूर्ण वाढ होत नाही.

हे वाचल्यावर मनात प्रश्न उभा राहतो तो शहरातल्या घरांचा. खिडकीची साधी काच दृश्य प्रकाश जवळजवळ पुरता आत सोडते, आणि अतिनील-ब मात्र जवळजवळ पुरता अडवते. अंगणातले वृंदावन कधीच सुटले. बडोदे, हैदराबाद, बेंगळुरू किंवा दिल्ली, कुठल्याही शहरात गेलेल्या मराठी घराने तुळस कुंडीत घालून बरोबर नेली. आधी ती गच्चीवर होती, मग गॅलरीत आली, आणि गॅलरी काचेने बंद करून घेण्याची पद्धत पडल्यावर नकळत काचेआड गेली. काचेआडच्या तुळशीला पूर्वीसारखा वास येत नाही, अशी तक्रार करणारी आजी एखाद्या घरात असतेच. तिचे म्हणणे वयोमानाचे समजून सोडून दिले जाते. सब्जावरचा प्रयोग घरच्या तुळशीला जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. दोन्ही वनस्पती एका कुळातल्या असल्या तरी एक नव्हेत, आणि काचेआड उष्णता, वारा, पाणी यांतही फरक पडतो. तरीही त्या तक्रारीची शहानिशा व्हायला हवी, आणि तिला फार मोठी सामग्री लागत नाही.

बंद इमारतींत, केवळ तांबड्या-निळ्या एलईडी दिव्यांवर पालेभाज्या पिकवण्याचा उद्योग आता भारतातही आला आहे. तिथल्या लेट्यूसला लाल रंग चढवायचा तर निळ्या प्रकाशाचा वाटा वाढवावा लागतो, हे त्या उद्योगाला प्रयोगांनी शिकवले. औषधी वनस्पतींच्या बाबतीत ही गोष्ट आणखी नाजूक होते. वजनावर माल विकणाऱ्याला भरघोस पाने हवी असतात, आणि औषध बनवणाऱ्याला पानातले द्रव्य. सावलीत वाढलेले मोठे, लुसलुशीत पान तराजूत भारी भरते आणि कसाला कधी कधी हलके ठरते. म्हणून ग्राहकाने विचारायचा प्रश्न केवळ ‘कुठून आणले’ एवढाच नाही, ‘कोणत्या उजेडात वाढवले’ हाही आहे. ज्यांची मुले आज कृषी किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकत आहेत, त्यांना या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे.

तुळशीच्या तक्रारीची शहानिशा शाळेच्या आवारातच करता येईल. आठवी-नववीच्या मुलांना एकाच पुडीतले बी पेरून सारख्याच मातीत सब्जाच्या आणि तुळशीच्या कुंड्या तयार करू द्याव्यात. कुंड्या खोलीत आणि बाहेर अशा ठेवल्या तर उष्णता आणि वारा यांचा फरक मध्ये येईल. म्हणून सगळ्या बाहेर मोकळ्यावरच ठेवाव्यात. अर्ध्या कुंड्यांवर चार विटांच्या आधाराने साध्या खिडकीच्या काचेचे छप्पर करावे, बाजू वाऱ्यासाठी उघड्या ठेवाव्यात. उरलेल्या अर्ध्यांवर तशाच उंचीवर पातळ साध्या पॉलिथीनचे छप्पर असावे, कारण ते अतिनील-ब किरण बऱ्याच अंशी आत सोडते. हरितगृहांसाठी मिळणारा, अतिनील किरण अडवणारी द्रव्ये मिसळलेला जाड कागद त्यासाठी चालणार नाही. दीड-दोन महिन्यांनी दोन्हीकडची सारख्याच वयाची पाने खुडावीत, एका वर्गाने ती चिठ्ठ्या लावून बश्यांत मांडावीत, आणि दुसऱ्या वर्गाने डोळे बांधून, पान चुरडून, वास घेऊन ती ओळखावीत. पानांची खालची बाजू भिंगाखाली पाहून ग्रंथी मोजता आल्या तर उत्तमच. वहीत जे दिसले तेच लिहावे. आणि परीक्षकांमध्ये एखाद्या विद्यार्थ्याच्या आजीला अवश्य बोलवावे.